रविवारसाठी नव्हे, सोमवारसाठी बाइक निवडा

प्रश्न : ऑफिस सहा किलोमीटरवर, महिन्यातून एखाद्या रविवारी ताम्हिणी. जुनी ३५० सीसी बाइक घ्यावी का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : माझं मत १२५ ते १६० सीसीच्या बाजूने आहे. सहा किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरतं तापत नाही. आत साचलेला ओलावा आणि पेट्रोलचा अंश उडून न जाता ऑइलमध्ये मिसळतो. म्हणूनच ‘फक्त आठ हजार किलोमीटर चाललेली’ या जाहिरातीला भुलू नका. सात वर्षांत एवढंच चाललेली गाडी बहुधा उभीच राहिलेली असते. टायर कडक झालेले, चेनला गंज, बॅटरी संपलेली. नियमित सर्व्हिसिंग झालेली तीस हजारांची गाडी मी आधी पाहीन.

घाटात ताकद कमी पडेल, ही शंका रास्त आहे. पण ताम्हिणीत वेग ठरतो तो वळणांवर, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदीच आहे. जोडीदार आणि सामान घेऊन दर आठवड्याला लांब जाणार असाल, तर मात्र ३५० योग्य. एरवी रोजच्या गर्दीत तिचं वजन तुम्हालाच पेलावं लागेल. ब्रेकवर मात्र तडजोड नको. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६; त्यानंतरचीच गाडी शोधा. बघायला जाल तेव्हा इंजिन थंडच ठेवायला सांगा, कारण गरम इंजिन बरेच दोष झाकतं. आरसीवर कर्जाची नोंद असेल, तर बँकेच्या एनओसीशिवाय पैसे देऊ नका.