पोरं बसत नाहीत? बसवू नको!

अगं, अकोल्याकडच्या शाळेत रुजू झालीस, पहिली-दुसरीचा वर्ग मिळाला आणि लगेच फोन, ‘ताई, पोरं एका जागी बसतच नाहीत!’ सहा-सात वर्षांचं लेकरू बसेल तरी कसं? ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ पाच मिनिटांच्या वर टिकत नाही. त्यापेक्षा त्या चुळबुळीलाच कामाला लाव.

व्हरांड्यात खडूनं शून्य ते वीस अशी घरं आख. ‘चारावर उभी राहा, तीन उड्या पुढे जा.’ काही लेकरं सहावरच थांबतील. ती उभी असतात ते घरच ‘एक’ म्हणून मोजतात. वहीत तुला नुसतं चुकलेलं उत्तर दिसलं असतं; इथे कुठं चुकलं तेही दिसतं. ‘उडी मारल्यावर एक’ एवढंच सांग. मागे उड्या मारल्या की वजाबाकी, शून्यापासून एक-एक घर सोडून गेलं की दोनाचा पाढा.

भाषेतही तेच. ऱ्हस्वाला पटकन खाली बसायचं, दीर्घाला हात ताणून उभं राहायचं. मग ‘दिन’ आणि ‘दीन’ सांगून बघ, कान आपोआप टवकारतात.

मात्र खेळ झाला की तेच लगेच वहीत उतरवून घे, नाहीतर तो नुसता खेळच राहतो. ज्याला उडी जमत नाही, त्यानं घरात खडा टाकायचा. डाव त्यालाही मिळालाच पाहिजे. आणि आपलं वऱ्हाडी ऊन! उन्हाळ्यात पटांगण सकाळीच, नंतर सावलीत.

कुणी म्हणेल, काय हे नवं खूळ! म्हणावं, आमच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ सालीच व्यायामाचं काम सुरू केलं. त्यांच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलं. काही वर्षं अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डीला, कोसबाडला बालशिक्षण मुलांच्या अंगणापर्यंत नेलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही खेळातून शिकणं आलंच आहे.

एवढं मात्र ऐक माझं. पीटीचा तास गणिताला देऊ नको, आणि दंगा केला म्हणून कुणाचा खेळ बंद करू नको. ज्या लेकराला हालायची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकी त्यालाच ही शिक्षा होते.