जेलीफिशची शरीररचना व दंशापासून बचाव

कोकण किनारपट्टीवरील अनेक शेतकरी बंधू शेतीला मासेमारीची जोड देतात. रापण ओढताना माशांबरोबर जेलीफिशही जाळ्यात येते. वाळूवर पडलेली जेलीफिश मेली आहे असे समजून तिला हात लावला तरी आग होते. मेलेला प्राणी दंश कसा करतो, हे तिची शरीररचना पाहिल्यास लक्षात येईल.

बाह्यरचना : नावात फिश असले तरी हा मासा नव्हे. याला पाठीचा कणा, कल्ले व खवले नसतात. शरीर उघड्या छत्रीसारखे असते. छत्रीच्या कडेला बारीक, लोंबते धागे असतात. खालच्या बाजूस मधोमध तोंड व त्याभोवती झालरीसारखे मुखबाहू असतात. छत्री आकसली की पाणी मागे फेकले जाते व प्राणी पुढे सरकतो.

अंतर्रचना : शरीराचा सुमारे 95 टक्के भाग पाणी असतो. बाहेरचा व आतला असे पेशींचे दोन थर असून त्यांच्यामध्ये पारदर्शक चिकासारखा पदार्थ असतो. हृदय, रक्त व मेंदू नसतो. अन्न तोंडावाटे आत जाते व उरलेला चोथाही तोंडावाटेच बाहेर पडतो. सर्व शरीरभर मज्जातंतूंचे जाळे असते. 'चंद्र जेलीफिश' या जातीत छत्रीतून दिसणारी घोड्याच्या नालेसारखी चार वर्तुळे ही तिची जननेंद्रिये होत.

दंशपेशी : धाग्यांवर हजारो दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक सूक्ष्म कुपी व तिच्यात गुंडाळलेली पोकळ नळी असते. भक्ष्याचा स्पर्श होताच नळी झटक्यात बाहेर पडून कातडीत घुसते व विष सोडते. यासाठी मेंदूच्या हुकमाची गरज नसते. त्यामुळे प्राणी मेला किंवा धागा तुटला तरी न फुटलेल्या कुप्या काम करतात.

दंश झाल्यास काय करावे?
1. जागा चोळू नये व वाळू घासू नये. दाबामुळे उरलेल्या कुप्या फुटतात.
2. समुद्राच्याच पाण्याने धुवावे. गोड्या पाण्यानेही कुप्या फुटतात, म्हणून सुरुवातीस ते वापरू नये.
3. चिकटलेले धागे चिमट्याने किंवा हातमोजे घालून काढावेत.
4. धागे निघाल्यावर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात सुमारे 20 मिनिटे ठेवावा.
5. श्वास लागणे, छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा अंगभर सूज येणे अशी लक्षणे दिसल्यास वेळ न घालवता दवाखान्यात न्यावे.

पावसाळ्यात किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखा 'ब्लू बॉटल' हा प्राणी वाहून येतो. ऑगस्ट 2018 मध्ये मुंबईच्या किनाऱ्यावर त्याचा अनेकांना दंश झाला होता. तो खरी जेलीफिश नसून तिच्याच संघातील प्राणी आहे. त्याचे लांब धागेही किनाऱ्यावर पडल्यावर दंश करतात.

तेव्हा जाळे झाडताना हातमोजे वापरावेत, जेलीफिश काठीने बाजूला करावी आणि मुलांना तिच्याशी खेळू देऊ नये.