नाव एक, ठिकाणे अनेक : गेम इंजिनमधील आभासी फाईल-व्यवस्था

उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेनंतर ते तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात समाविष्ट झाले. नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुकाही १९५६ पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होता. गावांची नावे तीच राहिली; जिल्ह्याचे दप्तर मात्र बदलले. जुना उतारा मागणाऱ्या शेतकऱ्याने गावाचे नाव सांगावे. तो कोणत्या दप्तरात आहे हे शोधणे अभिलेख सांभाळणाऱ्याचे काम होय.

संगणकावरील खेळांच्या रचनेतही हेच तत्त्व लागू पडते. चित्रे, ध्वनी, नकाशे व संवाद अशा शेकडो फाईली मिळून एक खेळ बनतो. तो चालविणाऱ्या मूळ यंत्रणेस गेम इंजिन म्हणतात. इंजिनाने केवळ नाव सांगावे आणि फाईल कोठून आणावयाची हे मधल्या एका थराने ठरवावे, या योजनेला आभासी फाईल-व्यवस्था असे म्हणतात. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८५ मध्ये आपल्या युनिक्स प्रणालीत असाच थर घातला होता. त्यामुळे स्वतःच्या तबकडीवरील आणि जाळ्यातील दुसऱ्या संगणकावरील फाईल एकाच रीतीने उघडता येऊ लागली.

संचांचा अग्रक्रम

समजा, नांदेड येथील विद्यार्थ्यांनी कंधारच्या किल्ल्यावर खेळ रचला. खेळ 'संवाद/पहारेकरी' ही फाईल मागतो. व्यवस्थेपाशी संचांची क्रमवार यादी असते : प्रथम दुरुस्ती-संच, नंतर भाषा-संच व शेवटी मूळ संच. ज्या संचात ते नाव प्रथम सापडेल, तेथील फाईल दिली जाते. तेलुगू संवादांचा संच मूळ संचाच्या वर ठेवला की पहारेकरी तेलुगूत बोलू लागतो; इंजिनातील एक ओळही बदलावी लागत नाही. तेलुगू, कन्नड, उर्दू व बंजारा बोली कानावर पडणाऱ्या या सीमाभागात ही सोय मोलाची आहे. चूक दुरुस्त करावयाची असल्यास संपूर्ण खेळ पुन्हा उतरवून घेण्याऐवजी एक लहान संच पुरेसा होतो.

ही पद्धत अनुभवसिद्ध आहे. १९९३ च्या 'डूम' या खेळात मूळ सामग्री एका संग्रहात होती आणि बाहेरून जोडलेल्या संग्रहातील त्याच नावाचा घटक मूळ घटकाची जागा घेत असे. १९९९ च्या 'क्वेक ३' मधील संग्रह तर साध्या झिप फाईली होत्या.

नावांची शिस्त

विंडोज सामान्यतः रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांत भेद करीत नाही, लिनक्स करते. संगणकावर सुरळीत चालणारा खेळ मोबाईलवर अडतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. देवनागरीतही सावधगिरी हवी. 'पायऱ्या' या शब्दातील 'ऱ' हे एक स्वतंत्र चिन्ह म्हणून साठविता येते किंवा 'र' व नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यांना शब्द एकच दिसतो. संगणकाला ती दोन नावे वाटतात. म्हणून प्रत्येक नाव आत घेतानाच त्याला एकच ठराविक रूप द्यावे. तसेच संचाबाहेरील फोल्डरकडे नेणारे नाव स्वीकारू नये. अन्यथा परक्याने बनविलेला संच खेळाडूच्या खाजगी फाईलींपर्यंत पोहोचू शकतो.

वाचन आणि लेखन

मूळ सामग्री केवळ वाचावयाची असते. खेळाडूची प्रगती मात्र लिहून ठेवावी लागते. या दोहोंची ठिकाणे वेगळी असावीत. 'गोडो' या मुक्त इंजिनात त्यासाठी 'रेस' व 'यूजर' अशी दोन मूळ ठिकाणे आहेत. अँड्रॉइडवर खेळाची सामग्री सहसा मुख्य पुडक्याच्या आतच असते. हे पुडके झिप स्वरूपाचे असल्याने साध्या फाईलीप्रमाणे ती उघडता येत नाही. मधला थर असल्यास हा फरक तेथेच सामावतो.

लवचिकतेची किंमत

वरच्या संचात विसरून राहिलेली जुनी फाईल खालची नवी फाईल झाकून टाकते. दुरुस्ती करूनही दोष कायम दिसतो आणि विद्यार्थ्यांचे तासन् तास वाया जातात. यासाठी प्रत्येक फाईल कोणत्या संचातून आली, तसेच न सापडल्यास कोणकोणते संच पाहिले, याची नोंद व्यवस्थेने ठेवली पाहिजे. अशा नोंदीविना अग्रक्रमाची यादी उपयोगापेक्षा घोटाळाच अधिक करील.

प्रारंभीच्या अभ्यासासाठी एक साधा फोल्डर, एक झिप संग्रह आणि एक लेखनाचे ठिकाण एवढे पुरेसे आहे. एकच नाव दोन्ही संचांत ठेवून, क्रम बदलून, कोणती फाईल मिळते ते पाहावे. हा थर पहिल्याच आठवड्यात घालणे श्रेयस्कर होय. शेकडो ठिकाणी फाईलींचे पक्के पत्ते लिहून झाल्यावर तो घालणे अतिशय कष्टाचे ठरते.