कोलोस्टोमी : पद्धत आणि जागा

प्रश्न : रुग्णाला कोलोस्टोमी सुचवली आहे. कोणती पद्धत चांगली? (एक वाचक, कर्जत, जि. अहिल्यानगर)

उत्तर : मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर उघडून मल पिशवीत घेण्याचा हा मार्ग तात्पुरता असेल, तर आतड्याचा वेढा बाहेर काढून केलेली दुतोंडी ‘लूप’ पद्धत बहुधा निवडतात, कारण ती पुढे बंद करणे सोपे असते; पण गुदद्वारच काढावे लागल्यास एकतोंडी ‘एंड’ कोलोस्टोमी कायमची राहते. अशा वेळी ब्रिटिश शल्यविशारद गोलिघर यांनी १९५८ मध्ये मांडलेली, उदरपोकळीच्या पातळ अस्तराबाहेरून आतडे नेण्याची रीत अधिक विचारार्ह आहे, कारण तिने हर्नियाचा धोका घटतो. वाकून शेतकाम करणाऱ्या रुग्णाच्या पोटावरील जागा मात्र शस्त्रक्रियेपूर्वीच, त्याला बसवून व वाकवून, वळ्या आणि कमरेची गाठ टाळून आखली जावी, असा आग्रह नातेवाइकांनी धरावा.