पोदेराचा भोंगा

गोव्यातल्या सुर्ल्यात आमचं घर रस्त्याला लागून आहे. मी शाळेत होतो तेव्हा खनिज मालाचे ट्रक त्या रस्त्याने सकाळपासून एकामागे एक जायचे. तावदानं थरथरायची, सोप्यातल्या खुर्च्यांवर लाल धूळ बसायची, आणि आम्ही आत अभ्यास करायचो, जेवायचो, दुपारची झोपही काढायचो. ट्रकांचा आवाज कानांवर पडायचा, आत शिरायचा नाही. पण पाव विकणारा पोदेर सायकलवरून तिठ्यावर आला आणि त्याने रबरी भोंगा दोनदा दाबला, की त्याच गोंधळात आई हातातलं काम टाकून पिशवी शोधायला लागायची.

ही गोष्ट मला फार उशिरा आठवली. तोवर थोडे पैसे गेले होते आणि पतही थोडी गेली होती.

2012 मध्ये खाणी बंद पडल्या, मग काही काळ सुरू झाल्या आणि 2018 च्या मार्चात पुन्हा थांबल्या. कर्जावर घेतलेला आमचा ट्रक दारात उभाच राहिला. बँकेचे हप्ते मात्र थांबायला तयार नव्हते. साखळी गावच्या एका वर्गमित्राला घेऊन मी डिचोली तालुक्यापुरती एक मराठी वेबसाइट सुरू केली. ग्रामसभा, वीज कधी जाणार, जत्रा, देवळातली नाटकं, दहावीचे निकाल, निधनवार्ता. घरात कोंकणी बोलायची आणि पेपर मराठी वाचायचा ही आमच्याकडची जुनी रीत, त्यामुळे वाचक पटकन जमले. जाहिराती पुरवणाऱ्या एका कंपनीचा कोड पानावर चिकटवला, आणि आता घरबसल्या उत्पन्न सुरू होणार असं आम्ही दोघांनीही घरी सांगून टाकलं.

महिनाअखेरीचा हिशेब पाहिला तर त्यात डिचोलीला जाण्यायेण्याचं पेट्रोलही सुटत नव्हतं. वाचक येत होते, बातमी वाचत होते आणि जात होते. जाहिरातीवर बोट ठेवत नव्हते.

मी समजलो, त्यांना ती दिसत नसावी. मग दिसेल अशी करू! बातमीच्या मध्ये दोन घातल्या, तळाशी एक चिकटवून ठेवली, पान उघडताच पडदाभर येणारी एक लावली. आवाजासकट आपोआप सुरू होणारा व्हिडिओही लावला. आता सांगताना लाज वाटते. गावातल्या एका वृद्धाच्या निधनवार्तेत त्यांच्या फोटोखाली पत्त्यांच्या खेळाची जाहिरात नाचत होती. घरच्यांनी तक्रार केली नाही. वाड्यावरच्या व्हॉट्सअॅप गटावर आमचे दुवे टाकणं तेवढं त्यांनी बंद केलं.

त्यात जाहिराती कुठल्या यायच्या, तेही ऐका. सुर्ला नावाची दोन गावं आहेत. आमचं डिचोली तालुक्यातलं, दुसरं सत्तरीत घाटावर, जिथे लोक पावसात धबधबा पाहायला जातात. आमच्या वाचकाला धबधब्याजवळच्या मुक्कामाच्या सोयी दाखवल्या जायच्या, त्याही इंग्रजीत. स्वतःच्या अंगणात बसलेल्या माणसाला.

मग चुलतभाऊ, भाचे, मित्र, सगळ्यांना सांगितलं, रोज एकदा जाहिरात दाबा. आठवडाभर आकडा चढला, आणि एका सकाळी खातं बंद झाल्याची मेल आली. साठलेली रक्कमही गेली. ओळखीच्यांकडून क्लिक करवून घेणं हा या धंद्यातला उघड गुन्हा आहे. अटींमध्ये ते लिहिलेलं होतं, आम्ही अटी वाचल्या नव्हत्या. तुम्ही वेबसाइट सुरू करणार असाल, तर आधी त्या वाचा. घरच्यांना क्लिक करू नका म्हणून बजावून ठेवा. तीही बिचारी प्रेमाने करतात.

खरा धडा मात्र वेगळ्याच ठिकाणी मिळाला. गणेशचवथीच्या तोंडावर जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी दोन दिवस नळ बंद राहणार होते. बातमी महत्त्वाची म्हणून मी ती साध्या यादीत न टाकता पानाच्या अगदी वर, पिवळ्या चौकटीत, ठळक लाल अक्षरांत लावली. याहून ठळक काय करणार? दुसऱ्या दिवशी शेजारची मावशी रिकामी घागर घेऊन दारात उभी. "अरे, जगाच्या बातम्या देतोस आणि पाण्याचं तेवढं सांगितलं नाहीस?" मी तिचाच फोन घेऊन पान उघडून दाखवलं. चौकट तिथेच होती. ती म्हणाली, "ते होय? मला वाटलं जाहिरात आहे."

नंतर वाचनात आलं की हे आधीच कुणी मोजून ठेवलंय. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या बेनवे आणि लेन या दोघांनी 1998 मध्ये लोकांना एका साइटवर ठरावीक माहिती शोधायला लावली. ती माहिती पानाच्या वर, जाहिरातीसारख्या दिसणाऱ्या ठळक पट्टीत होती, आणि बऱ्याच जणांना ती सापडलीच नाही. या प्रकाराला त्यांनी 'बॅनर ब्लाइंडनेस' म्हटलं. बॅनर या शब्दाचा अर्थ आम्हा गोंयकारांना वेगळा समजवायला नको. चवथीला प्रत्येक तिठ्यावर पुढाऱ्यांचे हात जोडलेले फ्लेक्स लागतात. काल कुणाचा होता, विचारून बघा.

वेबवरची पहिली गाजलेली बॅनर जाहिरात 27 ऑक्टोबर 1994 ला 'हॉटवायर्ड'वर लागली, एटीअँडटी या टेलिफोन कंपनीची. पाहणाऱ्या शंभरातल्या 44 जणांनी ती दाबली असं सांगतात. आज शंभरात एकाने दाबली तरी प्रकाशक पेढे वाटेल. माणसं काही आळशी झाली नाहीत. कुठल्या आकाराच्या, कुठल्या जागेवरच्या चौकटीत आपल्या कामाचं काही नसतं, हे त्यांचे डोळे शिकले. आणि ते शिकवलं आम्हीच. माझ्या पिवळ्या चौकटीची शिक्षा मावशीच्या घागरीला झाली.

त्यानंतर डिचोलीच्या बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानात गेलो. खातं बंद झालं होतं, आता थेट दुकानदारांकडूनच जाहिरात घ्यायची होती. इतके हजार वेळा दिसेल, असा आकडा मी शेटना सांगितला. शेटनी विचारलं, दिसणं म्हणजे काय? मी खरं ते सांगितलं. या धंद्यातल्या मापाप्रमाणे निम्मी जाहिरात एक सेकंद पडद्यावर राहिली की ती दिसू शकली असं धरतात. शेट हसले. "एक सेकंद? म्हणजे गिऱ्हाईक स्कूटरवरून माझ्या दुकानासमोरून गेलं, तेवढंच ना? कोण पळयता रे बाब!"

मग त्यांनीच गल्ल्याखालचा त्या दिवसाचा पेपर काढला. त्यात जमीन खरेदीच्या जाहीर नोटिसा, वर्षश्राद्धाचे फोटो, रात्रीच्या नाटकाची चौकट. "हे सगळं मी वाचतो," म्हणाले. पैसे देऊन छापलेलाच तो सगळा मजकूर. जाहिरात वाचत नाही असं म्हणणारा माणूस जमिनीची नोटीस सर्व्हे नंबरासकट वाचतो, कारण शेजारच्या भाटाचं, म्हणजे बागायतीचं, काय चाललंय ते त्याला हवं असतं. तेव्हा मला पोदेर आठवला. तो ठरलेल्या वेळी येतो, ओरडत नाही, आणि त्याच्या टोपलीत पाव असतो हे सगळ्या गावाला ठाऊक असतं.

पुढे आम्ही जे केलं त्यातलं निम्मं काढून टाकणंच होतं. पडदाभर येणारी गेली, आवाजवाला व्हिडिओ गेला. नुसत्या भलेपणापोटी नव्हे. मोबाइलच्या पानात 30 टक्क्यांहून जास्त जागा जाहिरातींनी खाल्ली, तर ती वाचकाला सतावणारी मानली जाते, आणि असलं काही वारंवार दाखवणाऱ्या साइटच्या जाहिराती क्रोम ब्राउझर 9 जुलै 2019 पासून जगभर अडवतो. निधनवार्तेत काहीही लावायचं नाही, हा नियम मात्र आमचा. जाहिरातीची जागा आधीच मोकळी राखून ठेवली, म्हणजे ती उशिरा उतरली तरी मजकूर खाली सरकत नाही आणि वाचकाचं बोट चुकून भलतीकडे पडत नाही. चुकून पडलेल्या बोटाचे पैसे टिकत नाहीत, वाचकाचा राग टिकतो.

एका मोहापासून जपा. कुणी ना कुणी सांगेलच, जाहिरात बातमीसारखी सजवा, मग वाचतील. वाचतील, एकदा. नंतर तुमची खरी बातमीही पिवळ्या चौकटीच्या वाटेने जाईल. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला फसव्या रचनांच्या 13 प्रकारांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत वेषांतर केलेली जाहिरात आहे. आम्ही वर स्पष्ट 'जाहिरात' लिहितो आणि बातमी संपते तिथे ती ठेवतो. तिथे वाचकाची नजर मोकळी झालेली असते.

दुकानदाराला मी आता एकच अट घालतो. जाहिरातीत नुसत्या शुभेच्छा नकोत. वस्तू, भाव, तारीख आणि ठिकाण हवं, तेही मराठीत. जूनमध्ये वह्या-छत्र्या, चवथीआधी गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, शिरगावच्या जत्रेच्या दिवसांत तिकडे उपयोगाचं काही. तारीख उलटली की उतरवायची, आणि दुसरी आली नसेल तर जागा कोरी ठेवायची. हे शेवटचं जड जातं. कोरी जागा पाहिली की आपण गरीब दिसतो असं वाटतं. मोजमापही सोपं ठेवलंय: जाहिरातीत एक शब्द देतो, गिऱ्हाइकाने तो काउंटरवर सांगायचा आणि दुकानदाराने वहीत रेघ ओढायची. यात बरीच गिऱ्हाइकं निसटतात, शब्द विसरतात. तरी वहीतल्या बारा रेघा शेटना माझ्या बारा हजारांपेक्षा जास्त पटतात.

यातून घर चालतं असं मी म्हणणार नाही. ट्रक विकला, हप्ते फिटले ते बहुतेक त्याच पैशांतून. वेबसाइट आपला खर्च काढते आणि वर थोडं देते.

मागच्या चवथीला शेटनी पितळी समयांची जाहिरात दिली होती, आठ दिवसांची. पाचव्या दिवशी सकाळी सातला त्यांचा फोन आला. पोदेराचा भोंगा वाजत होता, आई पिशवी घेऊन बाहेर निघाली होती. शेट वैतागून म्हणाले, "अरे, ती जाहिरात काढ आधी. समया संपल्या, आणि माणसं अजून विचारायला येतायत."

मी ती काढली. उरलेले दिवस जागा कोरी ठेवली.