पनवेलचा मुक्काम

पूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारे मुसाफिर होडीने पनवेलला येत. पुढे बोरघाट चढावा लागे. १८३० मध्ये घाटात गाडीरस्ता झाला. परतताना होडीसाठी भरतीची वाट पाहावी लागे, म्हणून रात्रीचा मुक्काम पनवेलला होई. थकलेल्या मुसाफिराला फार काही नको असे. डोक्यावर छप्पर, गोड पाणी, गरम भाकरी आणि बैलांना चारा मिळाला, की तो सुखाने झोपे. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे धावू लागली. मग पनवेलला थांबण्याची गरज उरली नाही.

मुलांनो, ‘मुसाफिर’ आणि ‘मुक्काम’ हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. पाहुण्याला आपलेपणा वाटावा, हेही दोन्ही भाषा शिकवतात.

प्रश्न : मुसाफिर पनवेलला का थांबत?