एसएमपीएस घेशील तो मे महिन्याच्या हिशोबाने

अगं, कॉम्प्युटर असेंबल करून घ्यायचं ठरवलंस, फार बरं केलंस. प्रोसेसर, रॅम, एसएसडी सगळं तू नीट विचारून घेतलंयस. पण कोटेशनमध्ये ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ अशी एक ओळ आहे ना, तिच्यातल्या एसएमपीएसबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, मला तुझ्याशी बोलायचंय. घरात कापसाचे पैसे आले तेव्हा कुठे हे जमतंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रॅम बिघडली तर बहुतेकदा रॅमच बदलावी लागते. हलका एसएमपीएस मात्र जाताना मदरबोर्ड आणि डिस्कही घेऊन जाऊ शकतो, कारण किंमत कमी ठेवायला त्यातली संरक्षणाची सर्किटं गाळलेली असतात. काटकसर करायचीच असेल तर रॅम आठ जीबीच घे, पुढे वाढवता येते. इथे करू नकोस.

दुकानात डबा हातात घे आणि मोठ्या अक्षरातला ‘४५० वॅट’ सोडून बाजूचा तक्ता वाच. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड १२ व्होल्टवर चालतात. त्या रकान्यात १४ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १४, म्हणजे कामाची ताकद फक्त १६८ वॅट. खऱ्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ३४-३६ अँपिअर दिसतात. तुला वेगळं ग्राफिक्स कार्ड नको आहे, त्यामुळे असा खरा ४५० वॅटचा तुला भरपूर झाला.

मग दुसरा प्रश्न विचार: ही ताकद किती तापमानाला? कोणी २५ अंशांना मोजतं, कोणी ४० ला, कोणी ५० ला. आपल्या वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. नवतपात दुपारी खोलीच चाळिशीला टेकते, कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. म्हणून ४० किंवा ५० अंशांचं रेटिंग आणि १०५ अंशांचे कपॅसिटर असलेला घे. ‘८० प्लस ब्रॉन्झ’ची खूण असेल तर अर्ध्या भारावर किमान ८५ टक्के वीज कामी येते. उरलेल्या विजेची उष्णता होते, आणि ती जितकी कमी तितकं आपल्याकडे बरं. पण ही खूण फक्त वीज किती वाया जाते एवढंच सांगते. संरक्षणाची हमी ती देत नाही, ते वेगळं विचार.

इनपुटचा आकडाही बघ. रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी सुरू झालं आणि मोटारी लागल्या की खेड्यात व्होल्टेज पडतं. तिथे २०० ते २४० पेक्षा १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला जास्त टिकाव धरतो. वर्ध्यात मनासारखा नाही मिळाला तर नागपूरला बर्डीवर जाऊन ये, पण पक्कं बिल आणि तीन वर्षांची तरी वॉरंटी घेतल्याशिवाय निघू नकोस.

आता तपासणी. दुकानदार हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवेल. त्यावरून तो चालू होतो एवढंच कळतं. खरी परीक्षा भारावर. कॉम्प्युटरवर जड काम लाव आणि चार पिनांच्या मोकळ्या कनेक्टरवर मल्टिमीटर धर. पिवळ्या-काळ्यावर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल-काळ्यावर ४.७५ ते ५.२५. मीटरची टोकं एकमेकांना लागू देऊ नकोस. आकडा या हद्दीबाहेर गेला किंवा काम वाढताच झरझर खाली आला, तर तो परत कर. हीच परीक्षा मे महिन्यात भर दुपारी पुन्हा घे.

मग काम सेव्ह करून यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद कर. बॅटरीवर यायला यूपीएसला काही मिलिसेकंद लागतात, तेवढा वेळ एसएमपीएसने तग धरायला हवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला तर यूपीएस आणि एसएमपीएसची जोडी जमलेली नाही. दोन्ही घेऊन दुकानात जा.

आणि बाळा, अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच एसएमपीएसला दोष देऊ नकोस. त्याच्या फिल्टरमधून थोडी वीज पत्र्यावर येतेच, ती अर्थिंगमधून जमिनीत जायला हवी. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होतं. वायरमनकडून तपासून घे आणि खड्ड्यात पाणी घालायला सांग. भिंतीतल्या सॉकेटमध्ये तू स्वतः मीटर घालायचं नाही.

कॅबिनेट कूलरच्या झोतात ठेवू नकोस, ओलावा आणि धूळ एकत्र बसते. हिंगणघाटसारख्या जिनिंगच्या गावात तर कापसाचा तूस पंख्यात अडकतो, तो बाहेरून ब्रशने काढत जा. पण एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नकोस. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते. तो उघडायचं काम जाणत्याचंच.

उद्या दुकानात जाशील तेव्हा एसएमपीएस वेगळा लिहून कोटेशन नव्याने माग. कंपनी, मॉडेल आणि १२ व्होल्टचे अँपिअर त्यात हवेत. लिहून द्यायला दुकानदाराने खळखळ केली तर दुसरं दुकान बघ. फोटो मला पाठव, आपण दोघी मिळून वाचू आणि मगच पैसे दे.